‘गोवर येऊन गेलेला बरा’ असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक मजकूर थोड्याफार फरकाने वर्षानुवर्षे फिरत आहे. त्याचा आशय असा: गोवर हा बालपणीचा साधा आजार असून तो येऊन गेला की मूल दणकट होते, लसीमुळे मात्र स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम जडतो, लसीत पारा असतो, डॉक्टर हे सारे लपवतात, तेव्हा लस द्यायची की नाही, हे आईवडिलांनीच ठरवावे. हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक पालक मुलाच्या काळजीपोटीच तो पाठवतात, याविषयी मला शंका नाही, आणि म्हणूनच त्यातील प्रत्येक विधानाला नीट उत्तर मिळायला हवे.

पूर्वी गोवर घरोघरी येत असे, हे खरेच आहे. पण ‘आम्हालाही आला होता, काही झाले नाही’ असे आज सांगू शकतात ते त्यातून वाचलेलेच. जी भावंडे गेली, त्यांची साक्ष काढायला कोणी उरलेले नाही. १९६३ मध्ये लस येण्यापूर्वी जगभरात या आजाराने वर्षाला सुमारे २६ लाख बळी जात. पुरळ मावळल्यावरही न्यूमोनिया, अतिसार आणि मेंदूची सूज यांचा धोका उरतो, आणि कुपोषित मुलांची तर दृष्टीही जाऊ शकते. गोवर होऊन गेलेल्याला पुन्हा सहसा गोवर होत नाही, एवढे मान्य करावेच लागेल. पण त्याची किंमत काय पडते, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसले. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासणी केली असता, इतर रोगांविरुद्ध त्यांच्या शरीराने आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडींपैकी, ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. ज्याला हा मजकूर दणकटपणा म्हणतो, त्याच्या नेमके उलटे हे आहे.

ऑटिझमच्या भीतीचे मूळ १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या शोधनिबंधात आहे. त्यात अवघ्या १२ मुलांची माहिती होती, आणि लसीशी संबंध सिद्ध झालेला नाही, हे खुद्द त्या निबंधातच लिहिलेले होते. लस उत्पादकांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते, हे पुढे उघड झाले. २०१० मध्ये नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनमधील वैद्यक परिषदेने त्यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि गोवराची लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. ऑटिझमची लक्षणे पुष्कळदा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास ध्यानात येऊ लागतात आणि लसही त्याच वयात दिली जाते. त्यामुळे आईच्या मनात या दोन्ही गोष्टींची सांगड बसणे स्वाभाविक आहे. तिची वेदना खरी असते, कारण मात्र दुसरे असते.

पाऱ्याविषयी फार लिहावे लागत नाही. आपल्याकडे मुलांना दिल्या जाणाऱ्या गोवर-रुबेला लसीत क्षीण केलेले जिवंत विषाणू असतात आणि तिच्यात पारायुक्त परिरक्षक, म्हणजे लस खराब होऊ नये म्हणून घातला जाणारा पदार्थ, नसतोच. काही अन्य लसींच्या अनेक डोसांच्या कुपीत तो अत्यल्प प्रमाणात असतो. पण त्यातील पाऱ्याचे संयुग माशांमधून पोटात जाणाऱ्या पाऱ्याच्या संयुगापेक्षा वेगळे असून शरीराबाहेर लवकर पडते.

‘डॉक्टर चुका लपवतात’ या आक्षेपाला मात्र सामोआचे उदाहरण सांगून उत्तर द्यायला हवे. सुमारे दोन लाख वस्तीच्या या बेटांच्या देशात जुलै २०१८ मध्ये गोवराची लस टोचल्यानंतर दोन तान्ही मुले दगावली. लसीची पूड पाण्यात कालवण्याऐवजी परिचारिकांनी मुदत संपलेले, स्नायू शिथिल करणारे औषध वापरले होते. चूक वैद्यकीय सेवेची होती आणि ती भयंकर होती. त्या आईबापांचा संताप कोणालाही नाकारता येणार नाही. परिचारिकांना तुरुंगवास झाला. पण लस निर्दोष असूनही लसीकरण कित्येक महिने बंद राहिले, लसविरोधी प्रचाराला जोर आला आणि लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास घसरले. २०१९ च्या अखेरीस गोवराची साथ आली, ५,७०० च्या आसपास लोक आजारी पडले आणि ८३ जण मरण पावले, त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळे कामकाज थांबवले आणि लस न घेतलेल्यांनी घराबाहेर लाल कापड बांधावे म्हणजे पथके तिथे पोहोचतील, असे जाहीर केले. डॉक्टरांना आणि परिचारिकांना प्रश्न विचारलेच पाहिजेत: कुपी केव्हा उघडली, त्यावर वेळ लिहिली आहे का, लस कशात कालवली. कालवलेली गोवर-रुबेला लस चार तासांनंतर टाकून द्यायची असते, आणि हे विचारण्याचा हक्क प्रत्येक आईला आहे. विचारणे आणि नाकारणे यांतले अंतर किती मोठे असू शकते, ते सामोआत दिसले.

राहिला आईवडिलांच्या अधिकाराचा प्रश्न. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू राहू शकतो, आणि साथ रोखायला सुमारे ९५ टक्के मुलांनी दोन्ही डोस घेतलेले असावे लागतात. बाह्यरुग्ण विभागाच्या त्याच बाकावर पुढे कर्करोगाचे उपचार घेणारे मूल बसते, ज्याला जिवंत विषाणूंची लस देताच येत नाही, किंवा सात महिन्यांचे बाळ येते, ज्याच्या लसीला अजून दोन महिने अवकाश आहे. या मुलांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार दुसऱ्या मुलाच्या पालकांना कोणी दिलेला नाही. २०२२ मध्ये गोवंडीसह मुंबईत गोवर पसरला, तेव्हा नऊ महिने पूर्ण न झालेल्या बाळांनाही तो होऊ लागल्यामुळे साथीच्या भागांत सहाव्या महिन्यापासूनच जादा डोस देण्याचे ठरले. तो डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरला जात नाही. नवव्या महिन्याचा आणि सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांदरम्यानचा, असे दोन्ही डोस त्या बाळांना नंतर पुन्हा घ्यावे लागतात.