‘पाऊण तास नुसती घोकंपट्टी’ या अभिप्रायाला उत्तर

ताई, नमस्कार. तुमच्या मुलाचं आमच्या गणिताच्या शिकवणीवर्गात मन रमलं नाही आणि तुम्हाला मनस्ताप झाला, याबद्दल मनापासून क्षमा मागते.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय, “दीड तासातला पाऊण तास नुसती घोकंपट्टी. सातवीच्या मुलाला बाराव्या शतकातलं गणित कशाला?” बाकीचं मी ऐकून घेईन, पण हा ‘पाऊण तास’ मला फार लागला. वर्ग सहाला सुरू होतो. पाठांतर सहा वीसपर्यंत, त्यापुढे कधीच नाही. त्यात पाढे, पावकी, निमकी, दिडकी आणि ‘लीलावती’ या भास्कराचार्यांच्या संस्कृत गणितग्रंथातला एक श्लोक. त्यानंतर तुम्हाला दाराबाहेर जो आवाज ऐकू येतो, तो पाठांतराचा नसतो. मुलं श्लोक फोडत असतात, तोही मोठ्याने. बाहेरून दोन्ही सारखंच वाटत असेल, हे मान्य.

उदाहरण देते. ‘व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः’ हा वर्तुळाच्या परिघाचा श्लोक. यात अंक शब्दांनी सांगितलेत. भ म्हणजे २७ नक्षत्रं, नंद ९, अग्नी ३. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, की झाले ३९२७. ख म्हणजे शून्य, बाण ५, सूर्य १२, म्हणजे १२५०. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागायचं. भागाकार मुलं स्वतः करतात आणि ३.१४१६ आलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्याच श्लोकाच्या उत्तरार्धात, रोजच्या व्यवहाराला चालेल असं म्हणून, २२ ने गुणून ७ ने भागायला सांगितलंय. शाळेच्या पुस्तकात परीघ काढायला हेच २२/७ वापरतात. मग हे सातवीच्या कामाचं नाही, असं कसं म्हणायचं?

भुंग्यांचं गणितही असंच. थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर, त्या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेतच राहिला. आम्ही ‘क्ष’ लगेच देत नाही. आधी थवा ३० चा धरा म्हणते. ६, १० आणि १२ गेले, उरले २. उरायला हवा होता १, म्हणून थवा १५ चा. हे इष्टकर्म. उत्तर अंदाजाने धरायचं, ताळा बघायचा आणि प्रमाणात दुरुस्त करायचं. हे ज्याच्या अंगात मुरलं, तो परीक्षेत अवघड गणितापुढे हात बांधून बसत नाही. अभ्यास कसा करायचा, हे मी वेगळ्या तासाला शिकवत नाही ते यासाठीच. चुकलेली मांडणी खोडू देत नाही, शेजारी पुन्हा मांडायला लावते, आणि आठवड्याने तेच गणित वही न बघता करून घेते.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ ११५० मध्ये लिहिली. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला, त्याचा शिलालेख आजही आहे. आपल्याच मातीतली ही परंपरा आहे, ताई. तिला घोकंपट्टी म्हटलेलं मला सहन होत नाही.

आणि लिहू नये असं वाटत होतं, पण इतर पालकही हे वाचतायत. आपला मुलगा फुटबॉलचा सराव आटोपून यायचा, त्याला पोचायला बहुतेक वेळा सव्वासहा होऊन जायचे. मी त्याला कधी दाराबाहेर उभं केलं नाही, पाणी पिऊन बस म्हणायचे. पण श्लोकच कानावर पडला नाही तर तो फोडताना त्याला कंटाळा येणारच. वेळेबद्दल मी आपल्याशी बोलले होते. चाचणीतले मार्क वाढले नाहीत, ही आपली तक्रारही समजते. मुलगा हुशार आहे, पण मार्क एवढ्या थोड्या दिवसांत वाढत नसतात.

आठवड्यात काय शिकवलं ते पालकांना कळवायची काहीतरी सोय लवकरच करतो आहोत, शाळेच्या धड्यांनाही थोडा जास्त वेळ देऊ.

जूनचे प्रवेश तोंडावर आहेत. खोलीचं भाडं आणि आमचं घर याच वर्गावर चालतं. आपला अभिप्राय वाचून लोक फोनवर पहिला प्रश्न ‘पाऊण तासा’चाच विचारतात. उरलेल्या महिन्यांची फी परत द्यायला मी तयार आहे, कधीही या. तारे वाढवा असं म्हणणार नाही. फक्त एकदा वर्गात आत येऊन, घड्याळ लावून बसा, आणि पटलं तर तेवढे दोन शब्द बदला.