लोनवर पाठवलं म्हणजे करिअर संपलं असं नसतं
तरुण फुटबॉलपटूंवरच्या या लेखात म्हटलंय की एकविसाव्या वर्षापर्यंत गोल्स येत नसतील आणि क्लबने लोनवर (म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबकडे खेळायला) पाठवलं तर त्या फॉरवर्डचं, म्हणजे पुढे खेळणाऱ्या गोल करणाऱ्याचं, काही खरं नाही, हे मला अजिबात पटलं नाही. इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन चार वेगवेगळ्या क्लबांत लोनवर फिरला, 2013 मध्ये तो लेस्टर क्लबच्या बेंचवर बसायचा आणि त्याच बेंचवर शेजारी जेमी वार्डी, तेव्हा दोघांकडे बघून कोण म्हणालं असतं की तीनच वर्षांत एक प्रीमियर लीगचा (इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचा) टॉप स्कोअरर होईल आणि दुसरा त्याच लेस्टरकडून लीग जिंकेल! वार्डी तर पंचविशीपर्यंत नॉन-लीगमध्येच (वरच्या व्यावसायिक लीग्सच्या खालच्या स्पर्धांत) खेळत होता.

उलट खरा धोका लवकर चमकलेल्या पोरांना असतो, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही. इंग्लंडच्या मायकल ओवेनला 2001 चा बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) मिळाला, पण एकोणिसाव्या वर्षी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) फाटली त्यानंतर आधीचा वेग पूर्ण परत आलाच नाही असं तो स्वतः सांगतो. मी पण कॉलेज टीमला स्ट्रायकर होतो, हॅमस्ट्रिंग दुखत असताना कोचने सलग तीन मॅच खेळवलं, आजही जोरात पळालो की तिथेच ओढ बसते. एवढ्या कोवळ्या पायांवर किती मिनिटं टाकायची ते आधी मोजा हो, गोल नंतर मोजा.