सगळ्यात चकचकीत दिसतो तोच टीव्ही घ्यायचा?

गणपतीला महिना राहिला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, कोकण रेल्वेच्या जादा गाड्यांचं वेळापत्रक. दोन, टीव्ही कसा घ्यावा याचा सल्ला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर दुसऱ्या गोष्टीला ऊतच आलाय. सध्या फिरतोय तो सल्ला मला पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी 'खूप उपयुक्त' असं वर लिहून. मजकूर थोडक्यात असा:

'मोठा टीव्ही घ्यायचाय? आकडे वाचत बसू नका. सरळ दुकानात जा. तिथे सगळे टीव्ही एका भिंतीवर असतात आणि सगळ्यांवर एकच चित्र चालू असतं. दहा पावलं मागे उभे राहा. जो सर्वांत उजळ आणि ठळक दिसेल तो घ्या. ४के नसेल तर घेऊच नका. भिंतीवर मावेल तेवढा मोठा घ्या. आपल्या डोळ्यांपेक्षा मोठा तज्ज्ञ नाही.'

दुकानात जा, हे बरोबर आहे. बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्याशी माझं भांडण आहे. गेल्या गणपतीआधी मामेभावाला ५५ इंची टीव्ही घ्यायचा होता. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी अशी तीन गावं मी त्याच्याबरोबर पालथी घातली, तेव्हाच हे भांडण सुरू झालं.

आधी 'सर्वांत उजळ आणि ठळक'. नवा टीव्ही खोक्यातून काढून पहिल्यांदा चालू केला की तो विचारतो, घरी वापरणार की दुकानात? दुकानदार 'दुकान' निवडतो. त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण डोक्यावर वीस-पंचवीस ट्यूबा जळत असतात आणि साधं चित्र त्या उजेडात मरतं. मग बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, पूर्ण चढतो, रंग भडक होतात, पानाची प्रत्येक कड कोरल्यासारखी दिसते आणि पांढरा रंग निळसर होतो. हे टीव्हीचं चित्र नव्हे, लग्नातला मेकअप आहे. शिवाय या मोडमध्ये तुम्ही रिमोट घेऊन काही बदललंत, तरी बऱ्याच टीव्हींवर थोड्या वेळाने सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आधी 'घर' निवडायला लागतं आणि मग 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' नावाचा मोड. कुडाळच्या दुकानात मी ते केलं, तेव्हा तिथला मुलगा कळवळून म्हणाला, "काका, असं ठेवलं तर घेणार कोण?"

त्याचं खरंच होतं. माझी मामी बरोबर होती. शेजारच्या निळ्या झगमगाटातून तिने याच्याकडे नजर वळवली आणि निकाल दिला, "ह्यो नको. ह्येच्यात माणसांका कावीळ झाल्यासारी दिसता."

मामीचे डोळे अधू नाहीत. डोळ्यांचा स्वभावच तो. चित्रपट आणि मालिका तयार करताना पांढऱ्या रंगाचं जे प्रमाण धरतात ते साधारण ६५०० केल्विनचं (पांढरा निळसर की पिवळसर, ते मोजायचं हे माप), आणि टीव्हीवर बहुधा 'वॉर्म' या नावाने असतं ते त्याच्या सर्वांत जवळ जातं. दुकानातलं निळसर पांढरं त्याच्या शेजारी ठेवलं की खरं पांढरं पिवळं वाटतं. तोच टीव्ही एकटा ठेवा, पाच मिनिटं बघा, पिवळेपणा नाहीसा होतो. ट्यूबखाली पांढरा असलेला सदरा पिवळ्या बल्बखालीही आपल्याला पांढराच दिसतो ना, त्यातलाच प्रकार. शेजारी शेजारी बघणं म्हणजे डोळ्यांना ही सवयच होऊ न देणं. उजळपणाचंही तसंच. दोन टीव्ही जोडीने लावले की जास्त उजेड असलेला जिंकतो, मग बाकी काहीही असो. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, ज्या बुवाचा माइक मोठा तो बुवा चांगला, असं आपण म्हणतो का?

पुढचं जे झालं ते ठरवून करता आलं नसतं. दुपारी दीडच्या सुमारास वीज गेली. दुकानाच्या इन्व्हर्टरवर काउंटर आणि खालच्या ओळीतले दोन टीव्ही तेवढे राहिले: एक तो झगमगीत आणि एक माझा 'काविळीचा'. ट्यूबा गेल्या, बाहेर पावसाळी मळभ, दुकान एकदम आमच्या माजघरासारखं झालं. मामीने झगमगीत टीव्हीसमोर कपाळावर हात धरला, उन्हात बघताना धरतो तसा, आणि दोन मिनिटांनी आपली खुर्ची दुसऱ्यापुढे ओढली. मी काही बोललो नाही. मामीला बोलून जिंकलेला माणूस अजून जन्मायचाय.

एक मान्य करतो. कोकणातल्या घरात उजेडाचा प्रश्न खरा आहे. दिवसभर पुढचं दार सताड उघडं, खळ्यातलं ऊन ओटीवर आणि ओटीवरून आत. अशा घरात मंद टीव्ही दुपारी कामाचा नाही. पण तिथे नुसता उजेड नाही, काचेवरचं प्रतिबिंबही बघायला हवं. दुकानात टीव्ही चक्क बंद करायला सांगा आणि काळ्या पडद्यात वरची ट्यूब कशी दिसते ते बघा. कुठे ती आरशातल्यासारखी रेखीव दिसते, कुठे पसरून फिकट होते. घरी ट्यूबच्या जागी दार असणार आहे. ही तपासणी फुकट आहे, दहा सेकंदांची आहे, आणि तिन्ही दुकानांत मी सोडून कुणालाही ती करताना पाहिलं नाही.

आता 'सगळ्यांवर एकच चित्र'. बहुतेक वेळा हे खरंच नसतं. प्रत्येक कंपनी आपापली डेमो फिल्म देते: काळ्या पार्श्वभूमीवर फुटणारे रंग, संथ उडणारे पक्षी, मधमाशीच्या पंखावरचे परागकण. वाईट दिसेल असं त्यात काहीच ठेवलेलं नसतं. एकच वायर सगळ्यांना वाटून दिली असेल तर वेगळा घोळ. वाटणारं यंत्र अनेकदा ओळीतल्या सर्वांत साध्या टीव्हीला झेपेल तेच सगळ्यांना पाठवतं, म्हणजे महागडा टीव्ही मुद्दाम मागे ओढला जातो. त्यात काही टीव्ही डोळ्यांसमोर, काही छताजवळ. वरच्या ओळीतला जो 'फिका' वाटला, तो आम्ही खाली उतरवून घेतला तर अजिबात फिका नव्हता. तो व्हीए पॅनेलचा होता. टीव्हीच्या पडद्याचे, म्हणजे पॅनेलचे, व्हीए आणि आयपीएस असे दोन नेहमीचे प्रकार. व्हीए समोरून काळा रंग छान दाखवतं, पण बाजूने किंवा खालून पाहिलं की विटतं. आयपीएस बाजूनेही टिकतं, पण अंधारात त्याचा काळा राखाडी होतो.

यातलं कोणतं घ्यायचं हे दुकानात दहा पावलं मागे उभं राहून कळत नाही. आपल्या घरात कोण कुठे बसतं, त्यावरून कळतं. मामाच्या घरी टीव्ही माजघरात. मामा समोर आरामखुर्चीत, पोरं खाली फरशीवर, आणि मामी अर्धी मालिका स्वयंपाकघराच्या दारातून बघते, हातात पीठ. ते दार टीव्हीला जवळजवळ काटकोनात आहे. मामेभाऊ दुकानात मधोमध उभा राहून निवड करत होता. मी त्याला ओढून बाजूला नेला, मामी उभी असते त्या कोनात, आणि तिथून त्याचा आवडता टीव्ही धुवून वाळत घातल्यासारखा दिसला.

चित्र कुठलं बघायचं याला माझं उत्तर एकच: स्वतःचं. आम्ही पेन ड्राइव्ह नेला होता. त्यात मामेभावाने जत्रेत काढलेला दशावताराचा तुकडा होता. मागे मिट्ट काळोख, एका दिव्याखाली मुकुट घातलेला राजा. महागातल्या एका टीव्हीवर, तोही दुकान मोडमध्ये, तो काळोख पुसलेल्या पाटीसारखा दिसत होता आणि त्यात ठिपके वळवळत होते. दुसरा तुकडा गावच्या टेनिस क्रिकेटच्या सामन्याचा, मोबाइलवरून थेट दाखवतात तसला. चेंडू सीमेकडे जाताना त्याला शेपूट फुटतं का, हे डेमोतल्या मधमाशीवरून समजत नाही. खोक्यावरच्या 'मोशन २४०' वगैरे आकड्यांवरूनही नाही. पॅनेल खरोखर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं की १२० वेळा, एवढंच विचारा.

'४के नसेल तर घेऊच नका' हा सल्ला निरुपद्रवी आहे, कारण ५५ इंचात आता ४के नसलेला टीव्ही शोधावा लागेल. पण ४के म्हणजे ठिपके जास्त, म्हणून चित्र कुठूनही जास्त स्पष्ट, ही त्यामागची समजूत चुकीची आहे. ५५ इंची पडदा १२२ सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीमध्ये त्यावर आडवे १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका साधारण ०.६३ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला हे ठिपके सुमारे सात फुटांच्या पुढे वेगळे दिसत नाहीत. माजघरात दहा फुटांवर बसणाऱ्याला ४के आणि फुल एचडी यांतला फरक फारसा कळणार नाही. दुकानात कळतो, कारण तिथे माणूस तीन फुटांवर नाक लावून उभा असतो.

खरी पंचाईत उलट टोकाला आहे. गावात अजून कितीतरी घरांवर फ्री डिशची छत्री आहे. तिच्यावरच्या साध्या वाहिनीचं चित्र फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४,१४,७२०. ४के पडद्यावर ठिपके ८२,९४,४००. बरोबर वीसपट. वीसातले एकोणीस ठिपके टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. हा अंदाज कुणाचा चांगला, कुणाचा अगदीच गचाळ, आणि स्वस्त ४के टीव्ही नेमका इथे मार खातो. तेव्हा दुकानदाराला साधी वाहिनी लावायला सांगा. 'तिला कनेक्शन नाही' असं उत्तर मिळालं तर आपला सेट टॉप बॉक्स पिशवीत घालून न्या. मामेभावाला लाज वाटत होती, मला नाही.

एचडीआर, क्यूएलईडी या नावांवर जास्त वेळ घालवत नाही. एलईडी आणि क्यूएलईडी दोन्ही एलसीडीच, मागून दिवा लावलेले. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, म्हणून त्याचा काळा खरा काळा. पण घरात दिवसभर बातम्यांची वाहिनी चालत असेल तर खालच्या पट्टीचा डाग कायमचा उमटण्याची भीती तिथे असते. एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठेवून बनवलेलं चित्र, आणि खोक्यावर एचडीआर लिहिलंय याचा अर्थ टीव्ही तो सिग्नल घेतो इतकाच. तो दाखवण्याइतका उजेड त्याच्याकडे असेलच असं नाही.

'मावेल तेवढा मोठा'. इथे मी फॉरवर्डच्या थोडा बाजूने आहे. दुकानाच्या उंच हॉलमध्ये ५५ इंची लहान वाटतो, घरी आणल्यावर छाती दडपते, आणि पंधरा दिवसांत सवय होते. फक्त आधी भिंतीवर १२२ गुणिले ६९ सेंटिमीटरचे वर्तमानपत्राचे कागद चिकटवून बघा. टेबलावर ठेवणार असाल तर टीव्हीचे पाय मोजा. पुष्कळ मॉडेलांत ते दोन टोकांना असतात आणि चार फुटी टेबलावर जेमतेम टेकतात. भिंतीवर लावणार असाल तर जांभ्याच्या चिऱ्यात नेहमीचा प्लग भुसभुशीत बसतो. बसवायला येणाऱ्याला हे फोनवरच सांगा, म्हणजे तो लांब बोल्ट घेऊन येईल. आणि जी भिंत पावसात ओलावते तिच्यावर नकोच.

फॉरवर्डमध्ये नसलेली एकच गोष्ट सांगतो, कारण किनाऱ्यावर तीच महाग पडते. टीव्हीच्या पाठीवर किती व्होल्ट चालतात ते लिहिलेलं असतं. पुष्कळांवर १०० ते २४० असतं, म्हणजे तो चढउतार बराच झेलतो. वीज पडली तर मात्र स्टॅबिलायझर कामाचा नाही, आणि बहुतेक वॉरंटीत ते नुकसान धरतही नाहीत. ती फक्त बोर्डातून येत नाही, छपरावरच्या छत्रीच्या केबलमधूनही येते. मामाकडे शेवटी दुपारच्या त्या अंधारातला 'काविळीचा' टीव्हीच लागला. परतीच्या पावसात पहिला गडगडाट झाला की मामी पिठाच्या हाताने धावत जाऊन पिन काढते. केबल अजून दर वेळी लावलेलीच राहते, आणि मग मामा आरामखुर्चीतून ओरडतो.