कौतुकाची तक्रार

सातबारा काढायचा म्हणून मी दोन दिवसांची रजा टाकली होती. आमच्या घराण्यात सातबारा म्हटलं की हेच गणित चालत आलंय. स्वारगेटवरून पहाटेची एसटी. गावात उतरल्यावर कळतं की भाऊसाहेब आत्ताच तालुक्याला गेले. मग पारावर बसायचं, चुलतभावाकडे जेवायचं आणि जेवताना सातबाऱ्यावरच्या १९ नावांपैकी सध्या कोण कोणाशी बोलत नाही याची उजळणी करायची. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात ते अजून भाऊसाहेबच आहेत.

या खेपेला पुतणी म्हणाली, "काका, कशाला जाताय? मोबाइलवर निघतो." तिने जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर निवडला, १५ रुपये भरले आणि माझा चहा निवायच्या आत डिजिटल सातबारा हजर झाला. तिने तो छापूनही आणला.

नानांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी, वय ८४) कागद उजेडात धरला. नमुना सातमध्ये १९ नावं बरोबर. नमुना बारामध्ये ज्वारी, तीही बरोबर. चुलतभावाने बांधावर उभं राहून स्वतःच ई-पीक पाहणी केली होती. २०२१ पासून ती सोय आहे. हे सगळं नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिक्का कुठाय?"

"नाना, डिजिटल सही आहे. सही-शिक्क्याची गरज नाही, असं खाली लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

"सातबाऱ्यावरच लिहिलंय."

"चोरसुद्धा मी चोर नाही असंच म्हणतो." आणि त्यांनी बोट ओलं करून कागदावर घासलं. शाई पसरली की शिक्का खरा, ही त्यांची परीक्षा. क्यूआर कोड जागचा हलला नाही. नानांनी कागद माझ्याकडे सरकवला. "ठेव तुझ्याकडंच."

माझी मात्र पंचाईत झाली. काम झालं होतं, पण रजा तशीच शिल्लक होती. त्याच सुमारास बातमी वाचली की २०२५ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स पुरस्कारांत ग्रामपंचायतींच्या गटात आपल्या धुळे जिल्ह्यातल्या रोहिणी गावाने सुवर्ण मिळवलं. ऊर भरून आला. वाटलं, एवढी मोठी माणसं पुरस्कार देतायत, आपण निदान दोन ओळी तरी लिहू. उभ्या आयुष्यात सरकारचं कौतुक करायची पाळी कितीदा येते?

मग बसलो जागा शोधत. एका संकेतस्थळावर (कोणत्या ते सांगत नाही, एकदा तोंड पोळलंय) ‘अभिप्राय’ नावाचं बटण होतं. दाबलं की आपण मुखपृष्ठावर. ‘तक्रार नोंदवा’ मात्र लाल, ठसठशीत, लुकलुकणारं. म्हटलं, दार कुठलंही असो, घर तेच.

तक्रारीचा प्रकार निवडा: विलंब, गैरवर्तन, चुकीची माहिती, इतर. ‘इतर’ निवडलं. तक्रार कोणाविरुद्ध? तांबडी फुली होती, रिकामं सोडता येईना. ‘सर्वांविरुद्ध’ लिहिलं. घटनेचा दिनांक दिला. झालेले नुकसान, रुपयांत: १५. पुरावा ५० केबीच्या आत हवा होता. सातबारा एवढा लहान केला की १९ वारसदारांच्या मुंग्या झाल्या. अपेक्षित कारवाई: ‘संबंधितांची पाठ थोपटावी.’ ओटीपीचं सांगत नाही, ते दुःख सार्वत्रिक आहे.

चौथ्या दिवशी फोन आला. "तक्रारदार आपणच का?"

"हो, पण ती तक्रार नाही. कौतुक आहे."

"बरं. पण कशाबद्दल तक्रार आहे?"

"कशाबद्दलच नाही. सगळं चांगलं झालं."

पलीकडे शांतता. मग हळू आवाजात, "तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?"

मी शपथेवर नाही म्हणालो. तेव्हा त्या गृहस्थांचा आवाज एकदम घरगुती झाला. "काय सांगू साहेब, सोमवारी आढावा बैठक आहे. वर्षभर मेहनत करून आम्ही प्रलंबित तक्रारी शून्यावर आणल्या होत्या. आमचंही नाव कुठंतरी बक्षिसासाठी जाणार होतं. तुमच्यामुळं तिथं एक आकडा दिसतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "निकाली काढा की."

"कशी काढू? पाठ थोपटण्याचा अधिकार आमच्या स्तरावर नाही. तुम्हीच मागे घ्या."

"घेतो. कुठलं बटण दाबू?"

"बटण नाही. समक्ष अर्ज द्यावा लागेल. ओळखपत्राची झेरॉक्स आणा. दोन प्रतींत."

शिल्लक रजा अशी कारणी लागली. पहाटेची एसटी धरून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. फोनवरचे गृहस्थ जेवायला गेले होते. व्हरांड्यात बसलो. शेजारच्या बाकावरच्या मावशींनी विचारलं, "तुमचं काय अडलंय?" मी म्हणालो, "चांगलं बोललो होतो, ते परत घ्यायला आलोय." त्या जरा सरकून बसल्या.

तीन वाजता अर्ज घेतला गेला. गृहस्थ भले होते, चहा पाजला. माझ्या प्रतीवर गोल जांभळा शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, सही केली. परतीच्या एसटीत संदेश आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सदर बाब पुन्हा घडणार नाही याची दक्षता घेण्यात येईल.’

घरी आलो तर नाना जागे होते. "झालं काम?" मी ती पोच त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा चढवला, मजकुराकडे पाहिलंसुद्धा नाही, बोट ओलं केलं आणि शिक्क्यावरून फिरवलं. शाई छान पसरली.

"हां," नाना म्हणाले, "हा सातबारा खरा."