‘दहा वर्षं चालवतोय, त्याची कसली परीक्षा?’

चाकण-भोसरीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: लायसन्स आहे, दहा वर्षांत अपघात नाही, पॅलेट (माल रचायचे पाट) झपाझप हलवतो, अशा फोर्कलिफ्ट (पुढच्या दोन काट्यांवर माल उचलणारी गाडी) ऑपरेटरची पुन्हा परीक्षा घेणं म्हणजे त्याचा अपमान. त्यामागची आपुलकी मला कळते, पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

लायसन्सचंच घ्या. ते कार चालवता येते एवढंच सांगतं. कार पुढच्या चाकांनी वळते, फोर्कलिफ्ट मागच्या. वळताना तिची मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि रॅकशेजारी उभा असलेला हेल्पर नेमका तिथेच सापडतो.

‘अपघात नाही’ हा मुद्दा सगळ्यात फसवा. गाडी किती वजन पेलते ते सांगणाऱ्या प्लेटवरचे, समजा, 3 टन बहुधा लोडचा मध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून 500 मिमीवर आहे असं धरून लिहिलेले असतात. लांब क्रेटमुळे तो 700 मिमीवर गेला आणि पुढच्या चाकापासून काट्यांच्या पाठीपर्यंत 450 मिमी धरले, तर तीच गाडी जेमतेम अडीच टन पेलते. पावणेतीन टनांचा असा क्रेट रोज उचलूनही माणूस वर्षानुवर्षं निभावून नेतो, कारण फरशी सपाट असते आणि लोड खाली असतो. लोड वर असताना एकदा कचकन ब्रेक लागला की मागची चाकं उचलली जातात. म्हणून मी परीक्षेत आधी प्लेट वाचायला लावतो. मग विचारतो, गाडी कलंडायला लागली तर काय करशील? मुरलेला माणूसही पटकन म्हणतो, ‘उडी मारेन.’ उडी मारणारा गाडीच्याच छपराखाली चिरडला जाऊ शकतो. पट्टा लावून बसायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि कलंडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचं.

पॅलेट किती हलवले ते शेवटी मोजा. आधी बघा: चालताना काटे जमिनीपासून 15-20 सेमीवर आहेत का, लोडमुळे समोरचं दिसत नसेल तर तो रिव्हर्समध्ये जातो का, भरलेली गाडी रॅम्पवरून उतरवताना लोड चढाकडे ठेवतो का.

राहिला अपमान. अमेरिकेत दर 3 वर्षांनी तरी ऑपरेटरला तपासायचं, असा नियमच आहे; अपघात होता होता टळला तर उजळणीचं प्रशिक्षणही द्यावं लागतं. परीक्षा त्याच्याच डॉकवर (माल चढवा-उतरवायच्या जागी), रोजच्याच मालावर घ्या आणि चूक तिथल्या तिथे, त्याला कळेल त्या भाषेत सांगा. नापास झाला तर शिकवून पुन्हा घ्या, पण हजेरी कापू नका. हजेरी कापली, की पुढच्या वेळी घसरलेला पॅलेट तो सुपरवायझरला सांगणार नाही.