फोटोत 14 डोकी आहेत

"सगळी टीम सुखरूप कणकुंबीत!" असा फोटो आज दुपारी आमच्या सायकलफेरीच्या ग्रुपवर पडला. खाली हार्ट, मूठ, झेंडा, सगळं. मी मोजली. 14 डोकी. सकाळी बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटजवळून निघालो तेव्हा आम्ही 16 होतो. उरलेले दोघं, म्हणजे मी आणि आमच्यातले साठी ओलांडलेले काका, त्या वेळी जांबोटीच्या अलीकडं सायकली ढकलत होतो.

राग आलाय. म्हणून रात्री दहाला, पायाला मलम चोळत लिहायला बसलेय.

मदतफेरी आहे ही. जंगलाकडच्या गावांतनं हायस्कूलला चालत येणाऱ्या पोरींना सायकली घ्यायच्या म्हणून. आठवीच्या पोरांना कर्नाटक सरकारची सायकल मिळायची ती कोविडच्या वेळी थांबली, तुम्हाला माहीत आहेच. म्हणजे मागं राहिलेल्यांसाठीच निघालोय आपण. आणि पहिल्याच दिवशी दोघांना मागं टाकून पुढं!

माझे बाबा येळ्ळूरहून उद्यमबागेत फौंड्रीला सायकलनं जायचे. गावातले सहा जण मिळून. त्यातल्या एकाच्या गुडघ्यात दम नव्हता. तर तो सगळ्यांच्या पुढं. मागं नाही हं, पुढं! तो मारेल तेवढंच पायडल बाकीच्यांनी मारायचं. चढ आला की कुणी त्याला ओलांडायचं नाही. आज सकाळी उद्यमबागेवरनं जाताना तो भट्टीचा वास आला आणि मला हेच आठवलं. तेव्हा आमची पुढची पोरं पिरनवाडीला पोचली पण असतील.

किणये मागं पडलं आणि पुढं काकांचं मागचं चाक बसलं. ट्यूब होती त्यांच्याकडं. पण नुसती ट्यूब बदलून भागत नाही, आधी काय घुसलंय ते काढावं लागतं. काकांनी टायरच्या आतनं अंगठा फिरवला, फिरवला, आणि "हां" म्हणाले. बोटाला रक्त. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसाएवढी तार. नखानं उपसून काढली, नवी ट्यूब बसवली, टायर चढवला. आता हवा? पंप टेम्पोत. टेम्पो पुढं. कारण पुढच्यांचं ड्रोननं शूटिंग चाललं होतं! फोन लावावा तर झाडीत रेंज नाही.

तीन किलोमीटर ढकलत गेलो. काकांना म्हटलं, तुम्ही माझी सायकल घ्या आणि पुढं व्हा. तर म्हणाले, "तसं असतंय होय बाई?" जांबोटीत पंक्चरवाल्यानं हवा भरली, पैसे घेतले नाहीत. आमच्या जर्सीकडं बघून एवढंच म्हणाला, "तुमचीच माणसं काय ती? मघाशीच गेली की."

काय उत्तर देणार?

बरं, मान्य करते. पैसे ह्या पळणाऱ्या पोरांनीच गोळा केलेत. ऑफिसात, कॉलेजात, नातेवाईकांत, न लाजता हात पसरून. मी चार घरं फिरले आणि दमले. आणि कणकुंबीला पोचलो तेव्हा त्यांतलाच एक जण माझी सायकल धरून उभा होता, ताटात भात वाढून झाकून ठेवला होता त्यानं. त्याच्यावर ओरडायचं ठरवून आले होते, जमलं नाही. पोरगं गुणी आहे.

पण मग संध्याकाळी व्हिडिओ आला. गाणं लावलेलं, आणि वर लिहिलंय "एकजूट". डोकं परत तापलं. मलप्रभा नदी उगवते ते गाव हे. म्हादईला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा ओढ्यांच्या पाण्यावरनं कर्नाटक आणि गोवा कोर्टात भांडतात ते इकडंच. आणि काकांच्या बाटलीत शेवटच्या दहा किलोमीटरला घोटभर पाणी नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मीही आत्ता इथंच सांगतेय.

ग्रुपवर टाकलंय, उद्या चोर्ला घाटाकडं काका पुढं. दोन अंगठे आले. एकानं विचारलं, "मग ॲव्हरेज किती पडेल?" बाबांच्या त्या सहा जणांनी वर्षानुवर्षं ॲव्हरेज मोजलं नाही. भोंग्याला मात्र एक दिवस चुकले नाहीत.

बाबांना फोन केला मघाशी. वाटलं, बिचारी म्हणतील. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंप कुणाजवळ हुता?"

"टेम्पोत."

"आणि टेम्पो पुढं? पंप सगळ्यात मागच्याकडं द्यायचा असतोय गं. फुडच्याला काय करायचाय?"

टेम्पोचं मागचं फाळकं उघडंच होतं. पंप आता माझ्या उशाला आहे. टेम्पोवाल्याला सांगितलेलं नाही.