यिर्मयाचं तोंड कोणीही बंद केलेलं नाही

परवा वसईला मावशीकडे गेलो तर तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर नुसता खिळा. तिथे बायबलमधला यिर्मया संदेष्टा असायचा, मायकेलँजेलोने रोमला पोपच्या सिस्टीन चॅपलच्या छतावर काढलाय तो, मीच रोमहून प्रिंट आणून फ्रेम करून दिला होता. विचारलं तर म्हणाली, "अरे तो चित्रकार चर्चवर राग काढत होता म्हणे, मग असलं घरात कशाला ठेवायचं?" आणि फोन पुढे केला. तोच फॉरवर्ड, जो मलाही चार ग्रुपवर आलाय. मायकेलँजेलोने चार वर्षं पाठीवर पडून एकट्याने छत रंगवलं आणि तो आंधळा झाला, यिर्मया म्हणजे तो स्वतःच, पोपने गप्प केलं म्हणून तोंडावर हात, आणि बाजूला हिब्रूतून चर्चविरुद्ध गुप्त मेसेज. शेवटी "सत्य सगळ्यांपर्यंत पोचवा".

पाठीवर पडून हे आधी संपवतो. मायकेलँजेलोने स्वतः एका मित्राला त्या कामाबद्दल कविता लिहून पाठवली, तिचा कागद फ्लॉरेन्सला जपून ठेवलाय आणि कडेला त्याने स्वतःचं चित्र काढलंय. माणूस उभा आहे, मान मागे टाकलेली, हात वर छताला. कवितेत म्हणतो दाढी आभाळाकडे झालीय, ब्रशमधून रंग तोंडावर ठिबकतोय, अंग धनुष्यासारखं वाकलंय. ज्याने काम केलं तोच सांगतोय, अजून काय हवं? एकट्याने म्हणाल तर ओल्या गिलाव्यावर रंगवायचं म्हणजे गिलावा कालवणारा, चढवणारा कोणीतरी लागणारच, आणि फ्लॉरेन्सहून मदतनीस बोलावलेच होते. डोळ्यांचं थोडं खरं आहे, ते मानतो, वर बघून बघून नजर अशी झाली की नंतर काही महिने पत्रसुद्धा डोक्यावर धरून वाचावं लागायचं असं त्याचा चरित्रकार वसारी लिहितो. पण आंधळा? छत 1512 ला संपलं, त्याच चॅपलमधली 'अंतिम न्याय'ची अख्खी भिंत त्याने 1541 पर्यंत रंगवली, आणि 1564 मध्ये मरायच्या थोडे दिवस आधीपर्यंत दगड घडवत होता.

आता ज्या मुद्द्याने मावशीच्या भिंतीवरचं चित्र उतरलं तो. यिर्मयाच्या बाजूला खाली लोंबणाऱ्या कागदावर अक्षरं आहेत हे खरं. पण ती हिब्रू लिपीतही नाहीत, रोमन लिपीत 'आलेफ' लिहिलंय. आलेफ म्हणजे हिब्रूतलं पहिलं अक्षर. बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक, जे परंपरेने यिर्मयाचं मानतात, त्याचे पहिले चार अध्याय मूळ हिब्रूत वर्णमालेच्या क्रमाने रचलेत, पहिलं वचन आलेफने, दुसरं बेथने, असं. लॅटिन बायबलमध्ये ही अक्षरांची नावं प्रत्येक वचनाआधी तशीच ठेवली आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ती सूर लावून गायली जायची, त्याच सिस्टीन चॅपलमध्ये, पोपच्या गायकांकडून. पोपच्या समोर, पोपचेच गायक जे मोठ्याने गातात ते पोपपासून लपवलेलं कसं असेल? मी मावशीला तिचंच मराठी बायबल काढायला लावलं, जे ती दर उपवासकाळात वाचते. म्हटलं विलापगीताच्या पहिल्या अध्यायाची वचनं मोज. बावीस. दुसऱ्याची? बावीस. तिसऱ्याची सहासष्ट, म्हणजे एका अक्षराला तीन. हिब्रूत अक्षरं बावीसच. ती बोट ठेवून ठेवून मोजत होती आणि मला त्या फॉरवर्डवाल्याचा इतका संताप येत होता, कारण जे पुस्तक तिला जवळजवळ पाठ आहे त्याच्याच पहिल्या अक्षराची त्याने तिला भीती घातली.

पोपशी भांडण होतं का, होतं. छताचं काम देणाऱ्या पोप ज्युलियस दुसऱ्यावर चिडून 1506 मध्ये तो रोम सोडून पळाला होता, छताच्या काळातही पैशांवरून कुरकुर चालू होती. यिर्मयाचा चेहरा मायकेलँजेलोचा असेल का, काही अभ्यासक तसं म्हणतात, पण तेव्हा तो जेमतेम सदतिशीचा होता आणि चित्रात पांढऱ्या दाढीचा थकलेला म्हातारा आहे. मनाने स्वतःला तिथे बसवलं असेल तर असो. पण तोंडावरचा हात नीट बघा ना. मागून कोणी दाबत नाहीये, खाली गेलेल्या डोक्याचा सगळा भार त्या हातावर आलाय, बोटं दाढीत रुतलीत. यिर्मया आयुष्यभर राजाला आणि याजकांना तोंडावर बोलला, त्यासाठी चिखलाच्या विहिरीत टाकला गेला, आणि तरी यरुशलेम पडलंच. सांगून झालेला माणूस आहे तो. मागे दोन आकृत्या त्याच दुःखात उभ्या आहेत. आणि डावा हात मांडीवरून नुसता लोंबतोय, इतक्या बलदंड माणसाचा हात, काहीही न धरलेला.

हे सगळं बोलून झाल्यावर मावशीने कपाटामागून फ्रेम काढली, पदराने काच पुसली आणि त्या डाव्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "थोरला गेला तेव्हा तुझे काका ओटीवर असेच बसले होते."